खिडक्या पुसायची वाईन

फ्रान्समधल्या सान्सेरच्या टेकडीवर वाईन करणारा माणूस चाखणीच्या दिवशी दात घासत नाही. तिथली शेंबडी पोरंही हे जाणतात. पण आन्सेल्मची बायको युगेत पडली शहरातल्या औषधवाल्याची लेक. आदल्या दिवशी नवऱ्याने लसणातल्या गोगलगायी हाणलेल्या, आणि टोपी मिळाली की सगळ्यांदेखत बायकोचा मुका घ्यायची मंडळाची रीत. असल्या तोंडाने माझ्याजवळ फिरकायचं नाही, असं तिने बजावलं. हा बावळट पुदिन्याची पेस्ट लावून खसाखसा दात घासून मोकळा झाला.

मंडळ म्हणजे गावातल्या वाईनवाल्यांचं मंडळ. त्याची हिरवी मखमली टोपी आन्सेल्मच्या आजोबांनी घातली, वडिलांनी घातली; याचं डोकं अजून बोडकंच होतं. परीक्षा तशी सोपी. बिनचिठ्ठीचे तीन पेले, त्यातला एक स्वतःच्या मळ्यातला, तो ओळखायचा. नाही ओळखला तर टोपी नाही, आणि पोटचं पोर न ओळखणारा बाप म्हणून गाव जन्मभर चिडवणार.

त्याने पहिला घोट तोंडात घोळवला. नुसता पुदिना, आणि त्यामागे काहीतरी कडूजहर. रिवाजाप्रमाणे तो बादलीत थुंकला. मंडळाचे प्रमुख तेओफान वाट बघत होते. आता गप्प राहावं की नाही? पण गप्प बसणं आन्सेल्मला कधी जमलं नव्हतं. त्यातून पुढच्याच रांगेत शेजारच्या मळ्याचा बाझील मांडी ठोकून बसलेला. कुंपणावरून दोघांचं वर्षानुवर्षं वाकडं. एकमेकांची बाटली कधी विकत घेतली नाही. दुसऱ्यांच्या घरी पाहुणे म्हणून मात्र दोघेही ती चवीने पीत.

"ही बाझीलची," आन्सेल्म म्हणाला. "खिडक्या पुसायला बरी पडेल."

लोक हसले. तो दुसऱ्या पेल्याकडे वळला. पुदिना. तिसरा. तोही पुदिना. आता मात्र त्याची पाचावर धारण बसली. त्याने युगेतकडे बघत दातांवरून जीभ फिरवली, तशी तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि तोंडाचा रंग उडाला. इतकी वर्षं या टेकडीवर काढली आणि नेमकं एवढंच शिकायचं राहिलं होतं.

तिच्या पिशवीत बहिणीला द्यायचं बकरीच्या दुधाचं चीज होतं, वाळून टणक झालेलं. ते घेऊन ती उठली. माझ्या नवऱ्याची साखर उतरते, आत्ता खाल्लं नाही तर पेल्यांसकट टेबलावर आडवा होईल, असं तिने औषधवाल्याच्या लेकीच्या थाटात सांगितलं. नियमांत चीजबद्दल काही नव्हतं. आणि त्या टेकडीवर चीजला नको कोण म्हणणार? तेओफाननी मान हलवली.

आन्सेल्मने तुकडा चावला. खारट, दाट चव जिभेवर पसरली आणि पुदिना पार पुसून निघाला. तिसऱ्या पेल्याचा घोट घेतला. मऊ, खालच्या चिकणमातीचा, कुणा भलत्याचाच. दुसऱ्याला गारगोटीच्या ठिणगीचा वास. ही तर सरळसरळ बाझीलची, आणि चीजबरोबर इतकी फक्कड लागली की त्याला रागच आला.

मग उरलेला पहिला पेला. लिंबाच्या सालीचा तरतरीतपणा, भिजलेल्या चुनखडीचा गंध. ज्या वरच्या उतारावर नांगर मोडत त्याची कंबर गेली, तो अख्खा उतार तोंडात उतरला. त्याला रडू येईलसं वाटलं. हा घोट तो थुंकला नाही.

"पहिली माझी," तो म्हणाला.

"खिडक्या पुसायची?" बाझीलने शांतपणे विचारलं.

आन्सेल्मने पेला खाली ठेवला. "हो. तीच."

हसून हसून लोकांचे डोळे पाणावले. उत्तर बरोबर होतं. तेओफाननी त्याच्या डोक्यावर हिरवी टोपी चढवली. तोंडाला आता बकरीचा दर्प येत होता, तरी युगेतने मुकाट्याने दोन्ही गाल पुढे केले. आज तिला बोलायला तोंडच नव्हतं. मग जेवणं झाली, आणि उरलेल्या चीजबरोबर तिन्ही वाईन सगळ्यांच्या पेल्यात गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाझील फाटकाशी येऊन उभा राहिला, भलतीकडेच बघत.

"दोन पेट्या काढ," तो म्हणाला. "घरच्या खिडक्या फार मळल्यात."