थर्मासमधला रस

युब्लिनाचा मामा, तोबियास, मे महिन्यात शेजारच्या रोते बेटावरून बोटीने एक खोंड घेऊन आला आणि त्याने तो तिच्या वडिलांच्या अंगणातल्या चिंचेला बांधला. मी तिथेच सुपारी चघळत बसलो होतो, त्यामुळे पुढचं बोलणं माझ्यासमोरच झालं.

"यारेद," तोबियास मेहुण्याला म्हणाला, "माझी बहीण मलेशियात दुसऱ्याच्या घरी राबतेय. तू सकाळी शेतावर, संध्याकाळी ताडाच्या शेंड्यावर. पोरीकडे बघतं कोण?"

"मी बघतो."

"बघतोस का, तेच बघायचंय मला. हा खोंड ठेवून जातो. बहीण परत येईल तेव्हा गावजेवणाला हाच कापायचा. नाताळच्या आधी मी येईन. खोंड अंगाने भरला असेल तर पोर इथेच राहील. बरगड्या दिसल्या तर दोघांनाही बोटीत घालून नेईन."

आमच्याकडे मामाने शब्द टाकला की तो कुणी उचलून परत देत नाही. मी युब्लिनाकडे पाहिलं. अकरा वर्षांची पोर दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि खोंडाच्या बरगड्या मोजत होती.

दुसऱ्या दिवसापासून तिने कोयता हातात घेतला. आमच्या ओएहाउ गावाच्या मागची अख्खी टेकडी सुबाभळीची आहे. इथली गुरं त्या पाल्यावरच पोसतात. दावणीला बांधायचं, पाला कापून पुढ्यात टाकायचा, वर्षभरात खोंडाची पाठ टेबलासारखी सपाट होते. युब्लिना तर नुसते कोवळे शेंडे आणायची. यारेदने मक्याचा कडबा आणि वाळलेलं गवत आणून ठेवलं होतं, ते तिने पायाने बाजूला सारलं.

"अगं, थोडा कडबा टाक की," यारेद म्हणाला.

"कडब्याने कुणी जाड होतं का, बाबा? तुम्ही रोज मक्याच्या कण्या खाता, झालात का जाड?"

यारेदला हसू आलं आणि तिथेच चूक झाली. चूक माझीही आहे, कारण मी जाता-येता तिला शाबासकी देत होतो.

ऑगस्टमध्ये खोंडाच्या तोंडातून लाळेची तार लोंबायला लागली. पाला पुढ्यात पडून सुकू लागला. मान खाली घालून तो नुसता उभा राहायचा. शेजारचा मेल्की कुंपणावरून डोकावला.

"रोतेकर आहे ना, समुद्र दिसत नाही म्हणून रुसलाय," तो म्हणाला. "तुझ्या मामाला सांग, येताना बादलीभर समुद्र घेऊन या."

युब्लिना तडक माझ्याकडे आली. वहीच्या कागदाची पुडी तिने उलगडून दाखवली. आत शेपटीचे लांब काळे केस होते.

"गुरुजी, हे नुसता हात फिरवला तरी हातात येतात. केस गेले की बरगड्या जास्त दिसतात का?"

मी शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण असा प्रश्न आला की मला अजूनही फळा आठवतो. मी तिला चुलीपाशी बसवलं आणि पाण्याच्या रांजणावर हात ठेवला.

"खोंडाच्या पोटात याच्याहून मोठा रांजण आहे. त्यात बारीक बारीक जीव राहतात, डोळ्यांना न दिसणारे. खोंड गवत गिळतो, पण ते पचवतात हे जीव. मग ते वाढतात आणि खोंड त्यांच्यावर जगतो. म्हणजे तू रोज खोंडाला जेवू घालत नव्हतीस. कुणाला घालत होतीस?"

"त्या बारक्यांना."

"शाबास. आता सुबाभळीच्या पाल्यात ताकद भरपूर. प्रथिनं म्हणतात ती यातच. पण त्याबरोबर थोडं विषही आहे. आपल्या गावची गुरं ते विष का पचवतात?"

तिने विचार केला. "कारण त्यांच्या पोटातल्या बारक्यांना सवय आहे."

"सवय नाही नुसती. ते विष मोडणारे जीव वेगळेच असतात. वासरू आईचं तोंड चाटतं, तिच्या उष्ट्या पाण्यात तोंड घालतं, तसे ते त्याच्या पोटात जातात. तुझा खोंड रोतेच्या माळावरचा. तिथे सुबाभूळच नाही, तर हे जीव कुठून असणार?"

युब्लिनाने केसांची पुडी पुन्हा बांधली. मग म्हणाली, "मी पहिलीच्या मुलांना आठवीचं गणित घातलं."

"आणि मी शेजारी उभा राहून टाळ्या वाजवल्या."

त्याच दिवशी आम्ही पाला बंद केला आणि वाळलेलं गवत पुढ्यात टाकलं. पण पाल्याशिवाय नुसत्या गवतावर खोंड नाताळपर्यंत भरणार नव्हता. त्याला गावच्या गुरांच्या पोटातले जीव हवे होते. तीस वर्षांपूर्वी एका सरकारी पशुवैद्याने ते कसे द्यायचे हे मला एकदाच दाखवलं होतं. मला पक्कं आठवतंय की नाही, याचीही खात्री नव्हती. त्यासाठी नुकताच कापलेला, गावातच पोसलेला बैल हवा होता. शनिवारी मेल्कीच्या मुलाचं लग्न होतं, तिथे घरचा बैल कापणार होते.

यारेदला मेल्कीकडे जायचं जिवावर आलं. लग्नाच्या सकाळी आम्ही तिघं गेलो, तर तो नुसताच उभा राहिला. शेवटी युब्लिनाच बोलली.

"मेल्कीकाका, तुमच्या बैलाच्या पोटातलं थोडं द्याल का?"

मेल्कीच्या हातातली सुरी थांबली. "पोटातलं म्हणजे काळीज?"

"नाही. त्याने खाल्लेलं. अर्धं पचलेलं."

मांस कापणारे पाचही जण हसायला लागले. "यारेद," मेल्की म्हणाला, "लग्नघरी लोक मांस मागतात. तू शेण मागायला आलास होय?"

"शेण व्हायच्या आधीचं," युब्लिना म्हणाली.

आता मेल्कीच सगळ्यांत मोठ्याने हसला. पण त्याने बाही वर सारली आणि ओंजळी भरभरून तो हिरवा लगदा आमच्या फडक्यात टाकला. वाफ येत होती. ते जीव थंडीने मरतात, वाऱ्यानेही मरतात. म्हणून मी घरून माझा चहाचा मोठा थर्मास आणला होता. फडकं पिळून रस त्यात काठोकाठ भरला आणि घट्ट झाकण लावलं.

"पळ," मी म्हणालो.

ती उतारावरून अशी पळाली की वाटेतल्या कोंबड्या फडफडत कुंपणावर चढल्या. आम्ही दोघे पोचलो तेव्हा ती खोंडाची मान काखेत धरून उभी होती. यारेदने बांबूची नळी त्याच्या गालात सरकवली आणि मी हळूहळू रस ओतला. खोंडाने निम्मा माझ्या सदऱ्यावर उडवला, निम्मा गिळला. नंतर मेल्कीने आपणहून त्याची म्हातारी गाय आणून शेजारी बांधली. दोघांना एकाच घमेल्यात पाणी.

"शेण मागितलंत, गाय घ्या," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने थोडं गवत ओढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी युब्लिना माझ्या दारात आली. तिला धाप लागली होती. ती नुसतं आपलं तोंड आडवं हलवून दाखवत होती, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

"रवंथ करतोय?"

तिने मान हलवली आणि तिथेच पायरीवर बसली. मीही तिच्या शेजारी बसलो.

त्यानंतर तिने घाई केली नाही. आधी मूठभर पाला आणि भाराभर कडबा, पुढच्या आठवड्यात दोन मुठी, मग चार. पाल्याने बारक्यांना जोर येतो आणि त्या जोरावर ते कडबाही फोडतात, हे ती आता मलाच समजावून सांगायची. यारेद कडबा कापायचा, ती मोजून टाकायची. नोव्हेंबरच्या अखेरीला खोंड, इकडचे नर वयात येताना तांबड्याचे काळे होतात तसा, काळाभोर झाला होता आणि बरगड्या शोधायला बोटं रुतवावी लागत होती.

तोबियास आला तो सरळ चिंचेखाली गेला. पाठीवर तळवा ठेवला, मांडी दाबली, मग शेपटी उचलली. शेपटीचे केस अजून वीतभरच वाढले होते.

"ही कुणी भादरली?"

यारेद माझ्याकडे बघायला लागला. युब्लिना पुढे झाली आणि तिने सगळं सांगितलं. कोवळे शेंडे, लाळ, कागदाची पुडी, मेल्कीकाकाचा लगदा. काही लपवलं नाही. तोबियास ऐकत राहिला. पाल्याने खोंड आजारी पडला हे ऐकून त्याच्या कपाळाला आठी पडली, आणि ती लवकर गेली नाही.

"आणि तुझा बाप काय करत होता?"

"नळी धरत होते. कडबा कापत होते. रात्री दोनदा उठून बघत होते. त्यांना वाटायचं मी झोपलेय."

तोबियासने पिशवी उघडली. आत नवाकोरा नारळाच्या काथ्याचा दोर होता. खोंडाला बोटीपर्यंत न्यायला आणलेला, हे कुणी सांगायची गरज नव्हती. तो त्याने युब्लिनाच्या हातात दिला.

"याचा जुना दोर झिजलाय. हा लाव."

ती धावली. यारेद चिंचेच्या खोडाला टेकून खाली बसला आणि त्याने सुपारीची पिशवी मेहुण्यापुढे सरकवली.

"घशाला कोरड पडली," तोबियास म्हणाला. माझ्याशेजारी थर्मास होता, त्याने तो उचलून कपात चहा ओतला.

"मामा, त्यातला नको," युब्लिना दोराची गाठ मारता मारता म्हणाली.

"का?"

मी तो थर्मास राखेने सात वेळा घासला होता. तोबियासने आमच्या तोंडांकडे पाहिलं, मग कपाकडे, आणि घोट घेतला.

"बरा आहे की," तो म्हणाला.