उंबरठ्याआतली बर्फी दवाखान्यात जाते

मी बर्फी बोलतेय. नागपुरातल्या धरमपेठेत राहते. महिन्याची असताना शोभाताईंनी मला लाकडाच्या वखारीतून पदरात घालून आणलं. त्यानंतर मी आपणहून कधी उंबरठा ओलांडला नाही. काय गरज होती? दूध घरात, ऊन खिडकीत आणि झोपायला त्यांच्या यजमानांचा, रुपरावांचा, कचेरीचा कोट.

चौथ्या वर्षी मी खाणं सोडलं. वाटीजवळ जायची, हुंगायची आणि परत फिरायची. शोभाताईंनी साय दिली, मासळी दिली. मी कोठीतल्या पोत्यामागे जाऊन बसले.

"दवाखान्यात नेते हिले," शोभाताई म्हणाल्या.

रुपराव हसले. "घरातली मांजर वं ती! बाहेर जात नाही, कोणाशी भांडत नाही. तिले काहून रोग होईन?"

"चार दिवस झाले, उपाशी राहून राहिली. मी टांगा बोलावला."

जनावरांच्या दवाखान्यात सगळे बैल आणि घोडे. टोपलीतून मला पाहून गाडीवाले खो खो हसले. सोबत आलेले रुपराव मान खाली घालून उभे होते.

डॉक्टर कृष्णकांत मात्र हसले नाहीत. मी त्यांना दोनदा ओरबाडलं, तरी त्यांनी माझा जबडा हळूच उघडला. "या या रुपराव, पाहा. दाढ सडली. पू झाला आहे. आणखी आठ दिवस गेले असते तर हातची गेली असती."

रुपरावांचं तोंड उतरलं. "आमच्या गावी बैलांले लस टोचते. हिलेही टोचा न डॉक्टरसाहेब."

"मांजरांची लस आपल्याकडे नाही अजून. आली की कळवीन. तोवर वर्षातून एकदा दाखवत जा."

दाढ निघाली. तिसऱ्या दिवशी मी वाटी चाटून पुसून लख्ख केली, तर शोभाताईंनी आळीत पेढे वाटले!

आता मी नऊ वर्षांची आहे. दर दिवाळीनंतर टोपली निघते आणि ती रुपरावच उचलतात. मी ओरडते, कारण टांगा मला अजिबात आवडत नाही. पण तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी असेल, तर त्याच्या ओरडण्याकडे लक्ष देऊ नका, घेऊन जा. दुखलं तर आम्ही सांगत नाही, कोपरा धरतो.

परवा फाटकाशी टोपली पाहून शेजारच्या अनंतरावांनी विचारलं, "मांजर बिमार आहे का गा?"

रुपराव ऐटीत म्हणाले, "नाही गा! ठणठणीत आहे, तशीच राहावी म्हणून नेऊन राहिलो."