नऊ गोलांचं खरं कारण

अडतीस साली धसईच्या फुटबॉल संघाने शहापुरात रेल्वेवाल्यांकडून नऊ गोल खाल्ले, त्याची कारणं गावात वर्षभर चघळली गेली. कोणी म्हणे, आदल्या दिवसापासूनची पायपीट, गड्यांच्या पायांत जीव कुठला? कोणी म्हणे, पंच रेल्वेचा. सगळ्या थापा! चालायची सवय कोणाला नव्हती? आणि पंच बिचारा गोल मोजूनच दमला होता. खरं कारण विठूला ठाऊक होतं, कारण ते त्याच्याच तोंडातून बाहेर पडलं होतं.

विठू संघाचा गोलकीपर. बांबूच्या दोन खांबांमध्ये तो उभा राहिला की चेंडूची आत जायची बिशाद नव्हती. पण पाच भावांत भाताचं शेत केवढंसं, म्हणून सासरा देवजी अडून बसला होता. "नोकरी लागल तवा राहीला न्या," म्हणाला. बायको राही माहेरी गेली त्याला दीड वर्ष झालं. विठू नोकरीसाठी तीनदा कसाऱ्याला जाऊन आला, तीनदा हात हलवत परतला. आता त्याला त्या वाटेचाही कंटाळा आला होता.

सामन्याच्या चार दिवस आधी मावसभाऊ जयराम भेटला. तो कसाऱ्याला रुळांवर कामाला होता. म्हणाला, "नवा साहेब खेळाचा येडा हाय. सामना बघून तुमच्यातला एक गडी नोकरीत घेनार. कुनाला बोलू नको."

विठूने ते दोन दिवस पोटात ठेवलं. मग जिवलग म्हणून बारकूला सांगितलं, गळ्याची आण घालून. बारकूने राघोला सांगितलं, तीच आण घालून. सामन्याला उभे राहिले तेव्हा अकराच्या अकरा जणांना सगळं ठाऊक होतं, आणि अकराही जण गावचेच नसल्यासारखं तोंड करून उभे होते.

मग काय विचारता! चेंडू ज्याच्या पायाशी गेला, त्याच्या बापाचा झाला. कोणी कोणाला देईना. राघोने तर बारकूच्याच पायातून तो हिसकावला. मागे थांबायला कोणी तयार नाही. रेल्वेवाले चेंडू काढून घ्यायचे आणि मोकळ्या रानातून गुरं न्यावीत तसे निवांत गोलापर्यंत यायचे. एकटा विठू किती अडवणार? तरी डझनभर अडवले. चौथा गोल झाला तेव्हा मात्र त्याला वाटलं, इथे उभं राहून साहेबाला आपण खाल्लेलेच गोल दिसणार, नोकरी गोल मारणाऱ्यालाच मिळणार. राही डोळ्यांपुढे आली आणि तो गोल सोडून पुढे पळत सुटला. एकदा चेंडू मिळालाही. मारला तो बाभळीत गेला. मागे आणखी पाच गोल झाले, ते त्याने पाहिलेसुद्धा नाहीत.

सामना संपल्यावर साहेबाने त्याला बोलावलं. साहेब रागावला नाही, थोडंसं इंग्रजीत बोलून निघून गेला. त्याचं बोलणं जयरामने खाली मान घालून सांगितलं. "रेल्वेचा गोलकीपर भुसावळला बदलून गेला. त्याच्या जागी मानूस पायजे व्हता. सुरवातीलाच तुझं नाव लिवलं व्हतं म्हनं. मंग तू गोलात दिसलाच नाय. मला ठाव असतं तर सांगितलं नसतं का रे?"

परतीच्या वाटेवर बारकूने दोनदा विचारलं, साहेब काय म्हणाला. "काय नाय," विठू म्हणाला. बारकूवर रागवायचीही ताकद उरली नव्हती. आणि रागवायचं तरी कोणत्या तोंडाने?

देवजीचा पाडा वाटेवरच होता. बातमी आधीच पोचली होती. देवजीने ओटीवर बसवून पाणी दिलं. राही दाराशी आली. नवऱ्याच्या खेळाचं तिला भारी कौतुक, कोणी हसलं तर ती भांडायला उठायची. तिला तो आकडाच पटत नव्हता.

"नऊ कसे व्हतील?" ती म्हणाली. "तुमी कुठं व्हता?"

पाय मुरगळला म्हणता आलं असतं, ताप होता म्हणता आलं असतं. पण खोटं रचायलाही अंगात बळ लागतं.

"गोल सोडून पळालो गो," विठू म्हणाला. "तुला न्यायची घाई झालती."

राही तिथेच उभी राहिली. देवजीने मान दुसरीकडे वळवली, आणि तिला न्यायचं नाव मग कोणीच काढलं नाही.