सात नंबरची मूठ

टेबलावरच्या हिरव्या कापडावर तीन कंपन्यांची तीन नवी रिव्हॉल्व्हरं मांडून प्रल्हाद म्हणाला, "जहूरभाई, आज निकाल द्या. टिकायला कुठलं, हाताळायला कुठलं आणि हातात बसतं कुठलं. ऑर्डर उद्या जायलाच हवी."

जहूरने चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला आणि खुर्ची पुढे ओढली. शारजातल्या त्या नेमबाजीच्या क्लबात तो झाडू मारायला म्हणून लागला होता. आता हत्यारांच्या खोलीची किल्ली त्याच्या कमरेला होती. खोलीला खिडकी नव्हती. तेलाचा आणि बंदुकीच्या जळलेल्या दारूचा वास तिथे इतका मुरला होता की बाहेरच्या हवेत गेल्यावरच तो जाणवे. प्रल्हाद क्लबाचा मॅनेजर, मूळचा डोंबिवलीचा, वयाने बराच लहान. पण जहूरशी बोलताना खुर्चीतून उठून बोलायचा.

त्या निकालात आणखी एक गोष्ट अडकली होती. क्लबाकडची जुनी आठ रिव्हॉल्व्हरं स्मिथ कंपनीची होती. नवीही स्मिथचीच घेतली तर जुनी कपाटात ठेवता येणार होती. सुटे भाग तेच, ओळखीची हत्यारं, अडीअडचणीला, शिकवायला कामाची. दुसऱ्या कुणाची घेतली तर जुन्यांना जागा नव्हती. मग पोलीस येऊन ती नेणार आणि भट्टीत वितळवणार. प्रल्हादने हे सहज सांगितलं होतं. जहूरने तेव्हा मान डोलावली आणि त्या रात्री तो जेवला नाही.

कारण त्या आठांत सात नंबर होतं.

क्लबात बायका येऊ लागल्या तेव्हाची गोष्ट. हत्यारांच्या मुठी पुरुषांच्या पंजाच्या, बायकांची बोटं चापापर्यंत पोचेनात. जहूर रत्नागिरीकडचा, बाप होड्या बांधणारा, त्यामुळे कानस आणि पटाशी हाताला सवयीची. त्याने अक्रोडाच्या लाकडाच्या लहान मुठी करायला घेतल्या. पण माप कुणाचं घ्यायचं? परक्या बाईचा हात हातात घेऊन बघायची त्याला लाज. शेवटी अर्धवट तासलेले तुकडे तो रोल्ला भागातल्या आपल्या खोलीवर घेऊन जाऊ लागला. क्लबातून गोळीची रिकामी पुंगळीसुद्धा बाहेर न्यायची बंदी होती. पण हत्याराला न बसवलेलं लाकूड म्हणजे नुसतं लाकूड. ते नेताना कुणी अडवत नसे.

त्याची बायको हाफिजा तेव्हा भाकऱ्या थापत असायची. तो तिच्यापुढे तुकडा धरायचा, ती तांदळाच्या पिठाच्या हातानेच तो घट्ट आवळायची आणि परत द्यायची. जिथे पीठ लागलं तिथे हात टेकला, जिथे लाकूड कोरं राहिलं तिथे पोकळी. तो ते ठसे वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच घासायचा. असं महिनाभर चाललं आणि सात नंबरची मूठ झाली. बाकीच्या मुठी तिच्यावरून केल्या, पण हाफिजाच्या हाताची खरी तीच.

"जगातल्या बायकांना मुठी करून देता," हाफिजा म्हणायची, "नि माज्या तव्याचा दांडा हालतो, तो दिसत नाय तुमाला."

"करतो गो, शुक्रवारी करतो," तो म्हणायचा.

यंदा रमजानच्या तोंडावर हाफिजा गेली. दुपारी छातीत कळ आली आणि संध्याकाळी खलास. दफन इथेच झालं. शुक्रवार कितीतरी येऊन गेले होते, दांडा तसाच होता.

जहूरने तिन्ही रिव्हॉल्व्हरं एकेक करून उचलली. गेला आठवडाभर त्याने ती वापरली होती, खोलली होती, पुसली होती. तिघी जावा एकाच कामाला, पण दार उघडायची तऱ्हा तिघींची वेगळी. गोळ्यांचा सिलिंडर उघडायला स्मिथचा खटका पुढे ढकलायचा, कोल्टचा मागे ओढायचा, रूगरचा आत दाबायचा. डोळे मिटून दिलं तरी अंगठ्याला कळायचं कोण आलं आहे.

त्याने प्रल्हादला सांगितलं की कोल्टचा चाप लोण्यात सुरी जावी तसा जातो. ज्याचं एकच हत्यार आहे आणि जो ते जिवापाड जपतो, त्याने ते घ्यावं. स्मिथचा तोल सगळ्यांत चांगला, उचललं की नळी आपोआप निशाणावर जाते. रूगर अंगाने जाड आणि चापाला जरा हट्टी. पण त्याचा सांगाडा एकसंध आहे, बाजूला उघडणारी पट्टी नाही, आणि इथे हत्यार दिवसभर अनोळखी हातांतून फिरतं. कुणी आपटतं, कुणी झटका देऊन मिटवतं. अशा संसारात नाजूक माणूस फार दिवस काढत नाही.

"आणि बायकांच्या हाताचं काय?" प्रल्हादने विचारलं. विचारल्यावर त्याची त्यालाच जीभ चावावीशी वाटली असेल, कारण तो त्या खोलीवर जेवलेला होता, पिठाने माखलेला तुकडा बघून हसलेला होता. तो घाईने म्हणाला, "मिहिकाला बोलावू."

मिहिका क्लबात नेमबाजी शिकवायची. पोर दुबईतच वाढलेली, मराठी बोलताना मध्येच इंग्रजीत उतरणारी. तिने तिन्ही नवी चालवून बघितली, मग तुलनेला म्हणून सात नंबर मागितलं. जहूरने ते स्वतः भरून दिलं आणि तिच्यामागे उभा राहिला. सहा गोळ्या लक्ष्यावर एका मुठीएवढ्या जागेत बसल्या.

"अंकल, ऑनेस्टली, हेच बेस्ट आहे," ती म्हणाली. "माझा हात आधीच कुणीतरी मोजून ठेवलाय असं वाटतं."

प्रल्हादचा चेहरा उजळला. "मग झालं. स्मिथच घेऊ. जुनीही राहतील."

मिहिकाच्या संरक्षक चष्म्याच्या काचेवर, उजव्या डोळ्यासमोर, शिशाची एक बारीक कपची चिकटली होती. तिला ती दिसली नव्हती. प्रल्हादलाही नाही. जहूरने चष्मा मागून घेतला, कपची नखाने काढली आणि सात नंबर उचललं. घोडा मागे ओढून त्याने सिलिंडर दोन बोटांत धरला. हलत होता. इतक्या वर्षांच्या गोळ्या खाल्ल्यावर लोखंडानेही किती तग धरावा? सिलिंडरचं भोक नळीसमोर नीट येत नव्हतं, म्हणून गोळी कडेला खरवडून निघत होती. आज कपची काचेवर आली, उद्या शेजारच्याच्या गालावर.

"सर, सात नंबर आता लाइनवर द्यायचं नाही," तो म्हणाला आणि कपची हिरव्या कापडावर ठेवली.

प्रल्हादने ती पाहिली. "मग सात बाजूला ठेवा. कपाटात राहू दे."

"बाकीच्यांची वयं तीच आहेत. सातचं झालं ते त्यांचं होणार. आणि कपाटात राहिलं, की गर्दीच्या दिवशी कुणीतरी काढणार." तो थांबला. "रूगर घ्या. त्याच्या मुठीच्या आत नुसती खुंटी असते, लाकूड हवं तेवढं बारीक करता येतं. बायकांसाठी मी करून देईन."

"जहूरभाई, विचार करा. स्मिथही चांगलंच आहे. तुम्हाला कोणी जाब विचारणार नाही."

"चांगलंच आहे, सर. पण तुम्ही मला टिकायला कुठलं असं विचारलंत."

नव्या मुठींना माप कुणाचं घेणार, हे प्रल्हादने विचारलं नाही.

जुनी हत्यारं जायच्या आदल्या दिवशी प्रल्हादने आपण होऊनच वर विचारून पाहिलं होतं, सात नंबरचं लाकूड तेवढं काढून घेता येईल का. उत्तर आलं की हत्यारं जशी नोंदली तशीच द्यायची, मुठीसकट. ते सांगताना तो जहूरच्या खांद्यापलीकडे भिंतीकडे बघत होता. जहूर म्हणाला, बरोबर आहे. मग त्याने आठही रिव्हॉल्व्हरं पुसली, तेल दिलं. सात नंबरच्या मुठीचा स्क्रू जरा ढिला झाला होता. तो त्याने आवळला.

पोलिसांची गाडी दुपारी आली आणि गेली.

संध्याकाळी खोलीवर पोचतो तोच नबिलाचा फोन आला. त्याची मुलगी दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत राहायची. शनिवारी येऊन किचन साफ करणार होती, खोके आणणार होती. अम्मीचे कपडे कुणाला द्यायचे ते ठरवलं होतं तिने.

"आणि तो जुना तवा, अब्बा. प्लीज, जस्ट थ्रो इट. हँडल पण तुटलंय. मी नॉनस्टिक आणते."

"बरं," जहूर म्हणाला.

फोन ठेवून तो ओट्यापाशी गेला. तवा भिंतीला टेकून उभा होता. ती गेल्यापासून त्याने तो हलवला नव्हता. जेवण खालच्या हॉटेलातून यायचं. क्लबातून येताना त्याने खिशात एक पेचकस आणला होता. म्हटलं, आता तरी दांडा हलायला नको.

तवा उलटा केल्यावर त्याला दिसलं की दांडा हलत नव्हता. हाफिजानेच कधीतरी त्यावर चिंधी गुंडाळून गच्च आवळली होती. त्याच्याच जुन्या युनिफॉर्मची खाकी चिंधी, पट्टीवर पट्टी, शेवटी बारीक गाठ. जिथे तिची बोटं पडायची तिथे कापड दबून खोलगट झालं होतं. त्याने धरून बघितलं. त्याच्या पंजाला ती मूठ लहान पडली.

पेचकस त्याने खिशातच राहू दिला. तवा परत भिंतीला लावला आणि हात उघडला. चिंधीच्या विणीत सुकून बसलेलं तांदळाचं पीठ त्याच्या तळव्यावर उतरलं होतं. चार बोटांच्या जागी चार पांढरट पट्टे, आणि मध्ये कोरं.

संध्याकाळची, मगरिबची अजान झाली. तो वजू करायला, नमाजाआधी हात-तोंड धुवायला, नळापाशी गेला. शेजारच्या मशिदीत नमाज सुरू झाल्याचा आवाज आला, तरी त्याने नळ उघडला नव्हता.