पडदाभर मामा

मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही, आणि प्रतीक्षाचा मामा पिराप्पा रुसायला कायम तयार. म्हणून तिच्या आईनं, जगदेवीनं, पत्रिका छापायच्या आधीच आपल्या या भावाला बसवकल्याणला, नागेशच्या छपाईच्या दुकानात मजकूर दाखवायला नेलं.

नागेशचा अक्षरं जुळवायचा प्रोग्राम जुना. नव्या कंप्युटरवर तो चालेना, म्हणून त्यानं नव्याच्या पोटातच एक जुना कंप्युटर वसवला होता. व्हर्च्युअल मशीन म्हणायचा त्याला. भल्या थोरल्या पडद्याच्या मधोमध काडेपेटीएवढी खिडकी, खिडकीत पत्रिका, पत्रिकेच्या तळाशी पिराप्पाचं नाव, म्हणजे पिराप्पाच. तिळाएवढा.

"मला कामून एवढं बारीक केलायस?"

कागदावर नीटच येतंय, असं नागेशनं परोपरीनं सांगितलं. पिराप्पा ऐकेना. शेवटी नागेशनं रिझोल्यूशन बदललं, स्केलिंग वाढवलं. पिराप्पा हरभऱ्याएवढा झाला, लिंबाएवढा झाला, वाढत वाढत भोपळ्याएवढा झाला. आता पडदाभर नुसता पिराप्पा.

"अण्णा, नवरी दिसंना झाली की," जगदेवी म्हणाली.

"आत असंल. जाती कुठं?"

छापलेली पत्रिका त्यानं हातातही घेतली नाही. आपल्याला आवतण पडद्यात मिळालंय, पडदा येईल तिथं आपण येऊ, एवढंच बोलला. मग काय, लग्नादिवशी कंप्युटर नागेशसकट टमटममधून मांडवात आला, रुखवतात करंज्यांशेजारी बसला. बायकांनी त्यालाही हळदीकुंकू लावलं.

मुहूर्त आला. जगदेवीनं हाक मारली, पुन्हा मारली. पिराप्पा पडद्यापुढून हलेना. नाव असं उघड्यावर टाकून कसं यावं, असं त्याचं म्हणणं.

तेवढ्यात करंट गेला. जनरेटर धडधडला, कंप्युटर जागा झाला, पण नागेशनं लावून दिलेलं सगळं विसरून. पुन्हा काडेपेटी. पुन्हा तीळ. आता हा तडक घर गाठणार, हे जगदेवीनं ओळखलं.

बाशिंग सावरत प्रतीक्षा वाकली. डोळे बारीक करून वाचत राहिली. वर तिचं नाव, खाली त्याचं.

"मामा, आता आपन दोघंबी मावलाव बघा."

पिराप्पा वाकला. पडद्याला नाक लागेपर्यंत वाकला. नागेशचा हात माउसकडे निघाला होता, तो पिराप्पानं मधेच धरला.

"राहू दे. हलवू नको."

आणि भाचीच्या पाठीशी जाऊन उभा राहिला.