बगळ्याच्या ढालीचे आत्मवृत्त

मी एक जुनी ढाल आहे. फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतातल्या एका पाणचक्कीत पिठाच्या पेटीवर झाकण म्हणून पडून असते. उंदीर माझ्या कडा कुरतडतात. तरीही सांगते मित्रांनो, सरदाराच्या खांद्यावर होते त्यापेक्षा इथे मी जास्त कामाची आहे.

तिबो नावाच्या कारागिराने मला घडवले. हलक्या लाकडाच्या फळ्या सरसाने जोडल्या, वर वासराचे कातडे ताणले आणि महिनाभर सावलीत वाळवले. त्याच्या हाताला घाई ठाऊक नव्हती. मला विकत घेणारा मात्र सरदार एंगेरान. त्याला माझ्यावर पांढरा बगळा हवा होता आणि बगळ्याच्या चोचीत गुलाब.

"धनी, बगळा गुलाब खात नाही," तिबो म्हणाला.

"गाण्यातला खातो," एंगेरान म्हणाला.

त्याचे सगळे आयुष्यच गाण्यातले होते. हिवाळाभर त्याच्या दिवाणखान्यात भाट बसत. विधवांसाठी राक्षसांशी लढणारे, प्रेयसीच्या एका शब्दाखातर सात वर्षे रानात भटकणारे सरदार ते गाऊन उभे करत. एंगेरान ढसाढसा रडे आणि बाहीने नाक पुसे. शेजारीच शेकोटीत लाकडे टाकणाऱ्या मोलकरणीचे पाय थंडीने फुटून रक्ताळलेले असत. ते त्याला कधी दिसले नाहीत. पुढे एका सणाला त्याने देवळात माझ्यावर हात ठेवून शपथ घेतली की दुबळ्यांचे रक्षण करीन. मी तेव्हा नवी होते. मला ते खरे वाटले.

मग सामने सुरू झाले. बोथट भाल्यांनी एकमेकांना घोड्यावरून पाडायचे आणि संध्याकाळी एकत्र बसून हरणाचे मांस खायचे. माझ्यावर ओरखडे उठले की बायका कौतुकाने बोट फिरवत. मीही फुगून जात असे. आज त्याची लाज वाटते.

एका उन्हाळ्यात त्याने नवे व्रत घेतले. गावाबाहेरच्या पुलाशी चाळीस दिवस तंबू ठोकून राहायचे. मला झाडाला टांगायचे. पूल ओलांडू पाहणाऱ्या सरदाराने मला भाला मारावा आणि एंगेरानशी लढावे. बावीस दिवसांत एकही आला नाही. गवताचे भारे घेऊन बाया जात, गाढववाले जात. ते सरदार नव्हते, म्हणजे एंगेरानच्या हिशेबी ते नव्हतेच.

तेविसाव्या दिवशी दुपारी शेजारच्या जहागिरीतले तीस लुटारू पायी आले. हातात धनुष्ये आणि पेटते पलिते. तंबू पाहून ते बिचकले.

"तुमच्यात सरदार कोण आहे?" एंगेरानने विचारले.

"कोणी नाही."

"मग जा. माझं व्रत सरदारांपुरतं आहे."

त्यांनी एकमेकांकडे पाहिले. त्यातला एक खो खो हसला. मग ते पूल ओलांडून गावात गेले.

थोड्याच वेळात चक्कीवाली ओदलीन धावत आली. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. बावीस दिवस एंगेरानच्या तंबूत भाकरी तीच पोचवत होती.

"धनी, चला. गावची माणसं देवळात लपलीत, पण माझा सासरा चक्कीत अडकलाय. त्याला दिसत नाही."

"मी जागा सोडली तर व्रत मोडेल, बाई."

"आणि तो जळाला तर?"

"मी त्याच्यासाठी प्रार्थना करीन."

ओदलीनने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "करा. बसूनच करा, पाय दुखतील," ती म्हणाली आणि तिने मला झाडावरून ओढून काढले.

मित्रांनो, मला पेलायचे कसे हे तिला माहीत नव्हते. परातीसारखी डोक्यावर धरून ती धावली. चक्कीचे छप्पर पेटले होते. तिने म्हाताऱ्याला पाठीशी घेतले, मला पुढे धरले आणि देवळापर्यंतचे अंगण ओलांडले. दोन बाण माझ्यात रुतले. तिसरा फळीतून आरपार जाऊन तिच्या दंडात घुसला. ती थांबली नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा ढाल झाले.

लुटारू गेल्यावर एंगेरान आला. बगळ्यावर ओघळलेले रक्त पाहून त्याने तोंड वाकडे केले. चक्कीवालीच्या रक्ताने ढाल बाटली, म्हणाला, आणि मला चिखलात टाकून गेला. हिवाळ्यात भाटांनी नवे गाणे रचले. त्यात एंगेरानने एकट्याने तीस राक्षस मारून गाव वाचवले. ओदलीन तेव्हा दिवाणखान्यात पिठाची पोती पोचवायला गेली होती. परत आल्यावर सासऱ्याने विचारले, "गाणं कसं होतं?"

"चाल बरी आहे," ती म्हणाली.

तिचा उजवा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. चक्की गावाने हिवाळ्याआधीच पुन्हा बांधून दिली होती आणि चिखलातून उचललेल्या मला तिने पिठाच्या पेटीवर ठेवले. ती डाव्या हाताने मला उचलते, पीठ काढते आणि नीट परत ठेवते.

माझी एवढीच विनंती आहे. मला ओलीपासून जपा, कातडे सुटू लागले आहे. बगळा पुसून गेला तर जाऊ द्या, तो पुन्हा रंगवू नका. पण बाणाची ती तीन भोके कोणी लाखेने बुजवायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.