राखीव तीन

"ताई, हे तीन रकाने मी गाळतेय," नव्या कंपनीची इंजिनियरबाई कागदावर फुल्या मारत म्हणाली. "राखीव एक, दोन आणि तीन. कॅटलॉग सांगतोय, वापरात नाहीत. पूर्ण रिकामे."

यादीताईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तिसऱ्या फुलीकडे बघत राहिल्या. हॉस्पिटलात त्यांना यादीताईच म्हणत. कुठलीही यादी मागा, मागणाऱ्याचा चहा संपायच्या आत ती हातात पडायची. सत्तावीस वर्षं रुग्णांच्या नोंदींचा डेटाबेस त्यांनीच सांभाळला होता. शुक्रवारी जुनं यंत्र बंद होणार होतं, त्यातल्या नोंदी नव्यात जाणार होत्या आणि त्याच दिवशी ताई निवृत्त होणार होत्या.

इंजिनियरबाई हुशार होती. आल्या आल्या तिने माणसांना काही विचारलंच नाही, थेट यंत्राला विचारलं. डेटाबेसच्या पोटात त्याची स्वतःची एक वही असते. फाइली किती, कुठल्या फाइलीत कोणते रकाने, कोणता किती अक्षरांचा, कशासाठी ठेवलेला, आणि शेवटची मोजणी झाली तेव्हा त्यात किती भरलेलं होतं, हे सगळं त्या वहीत असतं. त्या वहीला कॅटलॉग म्हणतात. बाईने चार ओळींची आज्ञा दिली आणि यंत्राने एकोणीस पानं छापून दिली. "माणसं विसरतात, थापा मारतात," ती म्हणाली होती. "कॅटलॉगचं तसं नसतं." तेव्हा ताई हसल्या होत्या. आता त्यांना हसू आलं नाही.

कारण राखीव तीन रिकामा नव्हता. बावीस वर्षांपूर्वी एका माणसाला एक साधं इंजेक्शन दिलं आणि तासाभरात तो गेला. सव्वीस वर्षांचा होता. ते औषध त्याला चालत नाही हे त्याच्या बायकोने कागदावर लिहून दिलं होतं, पण ते भरायला डेटाबेसमध्ये जागाच नव्हती. त्याच संध्याकाळी त्याची बायको ताईंच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. "मी लिहून दिलं होतं ना तुम्हाला?" एवढंच विचारलं आणि निघून गेली. त्या रात्री ताई जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी थोरल्या सिस्टर आल्या. नवा रकाना काढायचा तर मुख्य कार्यालयाची परवानगी हवी, आणि सरकारी काम, सहा महिने थांब. सिस्टर म्हणाल्या, तोवर आणखी कितीजण जायचे? मग ताईंनी राखीव तीनमध्ये न चालणाऱ्या औषधांची खूण भरायला सुरुवात केली. खूण असली की रुग्णाच्या नावापुढे पडद्यावर लाल ठिपका यायचा. तो ठिपका बघितल्याशिवाय इथली एकही नर्स सुई उचलत नसे.

पण मुख्य कार्यालय तपासणी करायचं ती कॅटलॉगवरून. मोजणी चालू राहिली असती तर रकाना भरतोय हे उघड झालं असतं. म्हणून ताईंनी त्या फाइलीची मोजणीच कायमची बंद करून टाकली. तेव्हापासून कॅटलॉग बावीस वर्षांपूर्वीचं खरं प्रामाणिकपणे सांगत बसला होता. परवानगी पुढे मागू, असं दोघींनी ठरवलं होतं. ती पुढची तारीख काही आली नाही. दोन वर्षांपूर्वी सिस्टरही गेल्या.

"तिसरा गाळू नका," ताई म्हणाल्या. "त्यात माणसं आहेत."

त्यांनी इंजिनियरबाईला सगळं सांगितलं. ती अवघडून म्हणाली की, जो रकाना कॅटलॉगप्रमाणे वापरात नाही तो घ्यायचा तर इथल्या साहेबांच्या सहीचं पत्र लागेल. कोणी उघडला, कोणाच्या परवानगीने, सगळं लिहावं लागेल. झाकली मूठ आता उघडावीच लागणार होती.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी दार लोटून घेतलं आणि समजावणीच्या सुरात सांगितलं की चौकशी लागेल, निवृत्तीचे कागद अडकतील, शुक्रवारचा निरोपसमारंभही होणार नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, "थोरल्या सिस्टरनी करायला लावलं असं लिहा ना. त्या काही आता उठून जाब विचारणार नाहीत."

ताईंच्या मनात क्षणभर आलंच की लिहावं. खोटंही नव्हतं ते. घरी नवऱ्याने निरोपाच्या दिवसासाठी शर्ट इस्त्री करून ठेवला होता, मुलगी रजा काढून येणार होती. त्यांना काय सांगायचं?

"सिस्टरनी फक्त विचारलं होतं, साहेब," त्या शेवटी म्हणाल्या. "मोजणी मी बंद केली. ते त्यांना माहीतसुद्धा नव्हतं." आणि तसंच लिहून त्यांनी खाली सही केली.

परत आल्यावर इंजिनियरबाईने खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. ताईंनी कॅटलॉगमध्ये राखीव तीनपुढचं 'वापरात नाही' पुसलं, 'न चालणारी औषधं' असं लिहिलं आणि मोजणीची आज्ञा दिली. यंत्र बराच वेळ घरघरत राहिलं. मग आकडा आला. एकवीस हजार चारशे आठ.

इंजिनियरबाईने नोंदी पहिल्यापासून चाळायला घेतल्या. मग चाचरत म्हणाली, "ताई, यातली सगळ्यात पहिली नोंद... हा माणूस मयत दिसतोय. मयतांच्या नोंदी नव्यात घ्यायच्या नाहीत, असा नियम आहे."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या. "नियमाप्रमाणेच करा."

त्यांनी ती नोंद पडद्यावर काढली. नाव, वय सव्वीस, आणि पुढे लाल ठिपका. तो गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी ताईंनीच भरलेला, सगळ्यात पहिला. त्यांनी ती ओळ एकदा पूर्ण वाचली. मग चष्मा पुन्हा कपाळावर चढवला आणि खुर्ची इंजिनियरबाईला रिकामी करून दिली.